लाख ओली असेपर्यंत

सहावा थरही कोरा निघाला, तेव्हा डॉ. उज्ज्वला केंजळे यांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. ते घरंगळत थेट यंत्राखाली गेलं. वाकून काढायचंही त्यांच्या जिवावर आलं.

पाषाणच्या द्रव्यस्मृती प्रयोगशाळेतलं ते यंत्र त्यांनीच उभं केलं होतं. नाव थरवाचक. लाखेच्या पातळ थरात गोठलेली कंपनं प्रकाशाच्या सुईने वाचायची आणि त्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे त्याचं काम. लाखकाम केलेल्या एका जुन्या लाकडी बाहुलीतून त्याने दोन माणसांचं कडाक्याचं भांडण ऐकवलं होतं. त्या भांडणावर उज्ज्वलाबाईंना पुरस्कार मिळाला होता, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. आता मात्र यंत्राच्या पाळण्यात एक थोर तंबोरा पालथा घातलेला होता आणि यंत्राने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"झालं?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून प्रश्न आला.

कालिंदी नेर्लेकर रोज सकाळी तिथे येऊन बसत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, आणि ज्या गायकीच्या त्या होत्या त्या गायकीत त्यांच्याखेरीज जाणतं माणूस आता उरलं नव्हतं. तंबोरा त्यांचा.

"झालं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "काही नाही त्यात."

"म्हणजे तोही जाळलात."

वाचलेला थर जळून जातो, हा थरवाचकाचा दोष पहिल्या दिवशीच सांगितलेला होता. कालिंदीताईंनी तो मान्य करून सही केली होती. पण मान्य करणं वेगळं आणि रोज समोर बसून बघणं वेगळं.

तंबोरा सव्वादोनशे वर्षांचा. उत्तरेकडून कुणी मल्हारबुवा तो पाठीला बांधून दक्षिणेत घेऊन आले. त्यांच्यानंतर तो एका संस्थानच्या दरबारी गवयाकडे गेला, मग त्या गवयाच्या विधवा सुनेकडे, जी दार लावून घेऊन गात असे. तिच्याकडून नाटक कंपनीतल्या एका नटाकडे. नटाकडून साताऱ्याच्या एका वकिलाकडे, ज्याचा गळा बेताचा होता आणि वेड अफाट. आणि वकिलाकडून कऱ्हाडच्या अंबूआक्कांकडे. दर वेळी हात बदलला की तंबोऱ्यावर नवं पॉलिश चढायचं आणि तारांचा नाद खुलवणारी नवी जवारी निघायची, हा त्यांचा रिवाज. एरवी नवं पॉलिश चढवताना जुनं खरवडून काढतात. पण भोपळ्याच्या पाठीवर मल्हारबुवांच्या अंगठ्याचा ठसा आहे अशी सगळ्यांची श्रद्धा, त्यामुळे त्या पेढ्याएवढ्या जागेला कुणी पॉलिशपेपर लावू दिला नाही. तिथे थरावर थर साचत गेले. उज्ज्वलाबाईंना हवी होती ती नेमकी एवढीच जागा.

कालिंदीताईंना काय हवं होतं, तेही थोडकंच होतं. त्यांना अंबूआक्कांचा एक सा ऐकायचा होता.

या गायकीची सगळी ओळख तिच्या षड्जात. सा लावायची एक तऱ्हा होती, ती लागली की ऐकणाऱ्याला पुढचं गाणं नसलं तरी चालायचं, असं जुने लोक सांगत. पण आवाज यंत्रात कोंडायचा नाही, अशी आण नटाच्या काळात कुणीतरी घातली आणि पुढच्यांनी ती इमानेइतबारे पाळली. आक्का गेल्या त्याला पस्तीस वर्षं झाली आणि त्यांच्या आवाजाचा एक तुकडाही मागे राहिला नाही. कालिंदीताईंच्या कानात तो होता. पण कान म्हातारे होतात. आपण लावतो तो आक्कांचाच सा की वर्षानुवर्षं थोडाथोडा सरकत गेलेला कुठला तरी भलताच, हे त्यांना कळेनासं झालं. मग त्यांनी मैफली बंद केल्या. शिकवणं मात्र चालू ठेवलं. एकच शिष्या होती, शाल्मली. ती पंधरा वर्षं शिकत होती. गेल्या महिन्यात ती उठली आणि म्हणाली, "ताई, पंधरा वर्षांत तुम्ही मला 'पुन्हा' याशिवाय काही म्हणाला नाहीत. माझा सा बरोबर आहे की चूक, एकदा सांगा. चूक असेल तर मी दुसरं काहीतरी करीन."

कालिंदीताईंना सांगता आलं नाही. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. शाल्मली गेली, आणि चार दिवसांनी कालिंदीताईंनी प्रयोगशाळेत फोन केला.

"मला पुन्हा एकदा सांगा," त्या आता म्हणाल्या. "तुमची ही लाख ऐकते कशी? पहिल्या दिवशी सांगितलंत तेव्हा मी मान डोलावली होती. कळलं काहीच नव्हतं."

उज्ज्वलाबाईंनी खुर्ची ओढली. "दूध तापवून ठेवलं की साय वरून धरते ना? तशी लाख वरून खाली सुकत जाते. सुकलेला भाग आणि ओला भाग यांच्यामध्ये एक सीमा असते, ती रोज थोडी थोडी आत सरकते. त्या क्षणी खोलीत जो आवाज चालू असेल, त्याच्या कंपनांप्रमाणे त्या सीमेवरचे लाखेचे कण मांडले जातात आणि तसेच गोठतात. पुढच्या क्षणाचा आवाज त्याच्या खाली. सगळा थर सुकायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे दहा-बारा दिवसांचं सगळं बोलणं-गाणं वरून खाली रचलेलं असतं. याला आम्ही लाक्षास्मृती म्हणतो."

"आणि सुकल्यावर?"

"सुकल्यावर लाख बहिरी."

"आवाज ओळखू येईल माझ्या आक्कांचा?"

याचं उत्तर शंतनू धायगुडेने दिलं. हा उज्ज्वलाबाईंचा सहकारी, तिशीतला, आवाजाच्या गणितात हुशार आणि ते जरा जास्तच ठाऊक असलेला. "बंद दाराआडून ऐकावं तसा येईल, ताई. शब्द कळतील, सूर तर अगदी काटेकोर कळेल. पण आवाजाची धार लाखेत टिकत नाही. माणूस म्हातारं की तरुण, एवढंही सांगता येणार नाही."

"सूर कळला की झालं. पण तुम्हाला तर तोही सापडत नाहीये."

"माझी चाळणी व्यवस्थित आहे," शंतनू चटकन म्हणाला.

"म्हणजे माझं यंत्र बिघडलंय?" उज्ज्वलाबाई त्याच्याकडे वळल्या.

हे भांडण आता नेहमीचं झालं होतं. थरातून निघणारी कच्ची नोंद म्हणजे दहा-बारा दिवसांचा अखंड गोंगाट. तो कुणी बसून ऐकायचा? म्हणून शंतनूने नादचाळणी नावाची प्रणाली रचली होती. तिला त्याने हजारो तास गाणं ऐकवून शिकवलं होतं. जुळलेला तंबोरा आणि त्यावरचा गळा, एवढं ती ठेवी. बाकीचं फेकून देई. सहा थरांतून तिने काहीही ठेवलं नव्हतं.

"यंत्रातून ठकठक येते, मॅडम. आणि खरखर. प्रत्येक थरात. तुम्हीच ऐकलीय."

"तो निर्वात पंप आहे! दोनदा बदलला मी तो. रबरावर बसवला. पंख्यांना तेल घातलं. अजून काय करू, यंत्राला मांडीवर घेऊन बसू?"

"पण कोऱ्या लाखेच्या चाचणीत ठकठक येत नाही."

"कारण तेव्हा पंप गार असतो!"

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच हे पटलं नाही, आणि त्यामुळे त्या आणखी चिडल्या. पाळण्यात तंबोरा तारा, खुंट्या, घोडी उतरवून पडला होता. पाठीवरच्या पेढ्याएवढ्या जागेत आता एक खळगा झाला होता आणि त्याच्या तळाशी शेवटचा, सातवा थर तेवढा शिल्लक होता. मल्हारबुवांचा.

"मुळात तुमच्या माहितीप्रमाणे थर सहाच हवेत," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. राग कुठेतरी काढायला हवाच होता. "सहा मालकांचे सहा. निघाले सात."

"मी सातवी. पण मी पॉलिश केलेलं नाही," कालिंदीताई शांतपणे म्हणाल्या. "आक्का गेल्या, मागे कुणी नव्हतं, म्हणून तंबोरा माझ्याकडे राहिला. मला कुणी दिला नाही. न दिलेल्या तंबोऱ्यावर मी कसली पॉलिश चढवते! मध्येच कुणीतरी दोनदा करून घेतलं असेल. आक्कांनीच केलं असेल. मी लहान असताना त्या एकदा मला घेऊन मिरजेला गेल्या होत्या तंबोऱ्याच्या कामाला."

"मग? तेव्हा काय झालं?"

"एसटीत उलट्या झाल्या आणि उसाचा रस प्याले. एवढंच आठवतं. चौदा वर्षांची होते मी."

शंतनू चहा घेऊन आला. कालिंदीताईंनी कप हातात घेतला, प्यायला नाही.

"मला तो कचरा ऐकवा," त्या म्हणाल्या.

"कोणता?"

"तुमची चाळणी फेकून देते तो. एवढं जाळलंत, राख तरी दाखवा."

"ताई, त्यात नुसती खरखर आहे हो," शंतनू म्हणाला. पण एकदा उज्ज्वलाबाईंकडे बघून त्याने सगळ्यांत वरच्या थराची कच्ची नोंद लावली. मधलाच कुठलातरी भाग लागला. ठक, ठक. ठक, ठक. मग खर्र, खर्र, खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र.

कालिंदीताईंनी कप खाली ठेवला.

"ही कानस आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कानस हो, कानस! तारांखालच्या घोडीचा माथा घासतायत. तारेचा नाद मोकळा व्हावा म्हणून. जवारी काढताना हाच आवाज येतो. आणि ते ठकठक म्हणजे खुंटी ठोकून बसवतायत. तुमच्या पंपाला कानस कुठून येणार?"

उज्ज्वलाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"पॉलिश ओलं असताना तंबोरा कुठे असतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठे म्हणजे? कारखान्यात. ओला तंबोरा घरी कोण नेईल? बोटं उमटतील. तो तिथेच टांगून ठेव..." कालिंदीताई मध्येच थांबल्या.

खोलीत फक्त कानस चालू होती.

"शंतनू, बंद कर ते," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांनी कपाळ हातात धरलं. "पार गाढव आहे मी. लाख ओली असताना ऐकते, हे मीच शोधून काढलं. मीच! आणि ओली असताना ती कुठे असते, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. ती बाहुली... अरे देवा, ते भांडणसुद्धा कारागिरांचंच असणार. आणि मी त्यावर भाषणं दिली, की त्या काळचं घरातलं जीवन बघा." त्या एकदम कालिंदीताईंकडे वळल्या. "तुम्हाला तर हे माहीत होतं!"

"तुम्ही विचारलंत का मला?" कालिंदीताईंचा आवाज चढला. "आणि मला तरी कुठे सुचलं? तुम्ही म्हणालात लाख ऐकते. माझ्या डोळ्यांपुढे आक्का आल्या, तंबोरा मांडीवर घेऊन. मला काय ठाऊक, तुमची लाख गाणं सुरू व्हायच्या आत बहिरी होते!" त्यांनी पदराने चेहरा पुसला. "सव्वादोनशे वर्षं ही माणसं याला छातीशी धरून गात होती. आणि याने ऐकलं काय, तर कारखान्यातली खरखर. सहा थर जाळले मी त्यासाठी."

त्या उठून पाळण्यापाशी गेल्या आणि भोपळ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. शंतनू जमिनीकडे बघत होता. त्याची चाळणी निर्दोष ठरली होती, पण त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

उज्ज्वलाबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. चिडल्या की त्यांचं डोकं जास्त चालायचं.

"जवारी कुणासाठी काढतात?" त्यांनी विचारलं.

"ज्याचा तंबोरा असेल त्याच्यासाठी. प्रत्येकाची पट्टी वेगळी."

"ती पट्टी कारागिराला कळते कशी?"

"तो माणूस जातो ना कारखान्यात. सूर देतो." कालिंदीताईंचा हात भोपळ्यावरच राहिला. "एक सा लावतो."

"पॉलिश ओलं असताना?"

"वरून सुकलेलं असतं. आतून..."

शंतनू आधीच खुर्चीत बसला होता. "चाळणी उलटी करतो," तो म्हणाला. "तंबोरा नसताना, एकटा गळा, एकच स्वर. तिने नेमकं हेच फेकलं असणार. दोन सेकंदांच्या स्वराला ती गाणं मानतच नाही."

दुपार झाली तरी कुणी जेवायला उठलं नाही. वरच्या थरात माणसंच माणसं निघाली. चहा आला, कुणाचा तरी मुलगा पास झाला, कुणी म्हणत होतं दोरा संपला. एका ठिकाणी एक पुरुषी आवाज खेकसला, "ए पोरी, हात लावू नको! ओलं हाय अजून!"

"ही मी," कालिंदीताई एकदम म्हणाल्या. "चिकट लागलं होतं बोटाला." त्यांना हसू आलं, आणि या प्रयोगशाळेत त्या पहिल्यांदाच हसल्या.

मग कानस थांबली. तोच पुरुषी आवाज म्हणाला, "हां बाई, द्या सूर."

थोडी शांतता. कुणीतरी घसा साफ केला.

आणि सा आला.

बंद दाराआडून आल्यासारखा, जाडसर, कडा पुसलेला. पण तो आला आणि जिथे यायला हवा तिथेच येऊन बसला. उज्ज्वलाबाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी तेवढं त्यांनाही कळलं.

"आक्का!" कालिंदीताईंच्या तोंडून निघालं. त्या रडत होत्या आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हत्या. "आक्काच या. हाच तो. बघा, कसा सरळ उभा राहिलाय. मी कुठे, आणि हा कुठे! मला हा कधी लागला नाही हो. उगाच त्या पोरीची पंधरा वर्षं घालवली मी."

शंतनूने नोंद थांबवली होती. ती पुन्हा सुरू करावी की नाही, हे त्याला कळेना.

"चालू ठेव," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

स्वर विरला. मग एका बाईचा आवाज आला, कोरडा.

"पुन्हा."

पुन्हा तोच सा. तसाच सरळ.

"पुन्हा," बाई म्हणाली.

कालिंदीताईंचं रडणं थांबलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा कुणाला म्हणतायत आक्का?" त्या पुटपुटल्या. तिसऱ्यांदा सा आला, आणि तो विरेपर्यंत त्या एका जागी खिळून उभ्या होत्या.

"बरं," आक्कांचा आवाज म्हणाला. "जा आता. बाहेर रसाचा गाडा आहे, रस पिऊन ये. बर्फ घालू नको म्हणावं, घसा धरेल."

लहान पावलं पळत गेली. दार वाजलं.

"आता तुमचा सूर द्या बाई," कारागीर म्हणाला.

"माझा कशाला, दस्तगीर? हात बदलतोय म्हणून तर पॉलिश करून घेतेय. तिचाच धरा. माझा हल्ली इतका सरळ लागत नाही."

"मग सांगा की पोरीला. खूश हुईल."

"छे! तिला काही बोलू नका. शेफारेल."

खर्र, खर्र. कानस पुन्हा सुरू झाली. शंतनूने हात पुढे करून आवाज बंद केला.

उज्ज्वलाबाईंना काहीतरी बोलणं भाग वाटलं. "सात थर, सात हात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांत वरचा तुमचा होता."

"शेफारेल!" कालिंदीताई कडाडल्या. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "शेफारेल म्हणे! अहो, चौदा वर्षांची होते मी! त्यानंतर सव्वीस वर्षं या बाईपुढे बसले. एकदा तोंडावर सांगायला काय झालं होतं हिला? त्या कारागिराला सांगितलं, आणि मला? शेवटच्या दिवशी उशाशी बसून सा लावला मी, तर काय म्हणाल्या माहितीय? 'पुन्हा'! आणि मी मैफली सोडून घरात बसले. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटायची मला." त्यांना धाप लागली. त्यांनी भोपळ्यावर दोन चापट्या मारल्या, जोरात. "आणि तू! तुला सगळं ठाऊक होतं!"

उज्ज्वलाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, घोटभर प्यायल्या आणि खाली बसल्या. मल्हारबुवांचा थर वाचायचा का, असं विचारायची ही वेळ नव्हती, म्हणून उज्ज्वलाबाईंनी विचारलं नाही. शंतनूने थरवाचकाचं बटण आपणहून बंद केलं.

थोड्या वेळाने कालिंदीताईंनी पर्समधून फोन काढला. पलीकडे घंटी बराच वेळ वाजली.

"शाल्मली? मी बोलतेय. हो, मीच. कुठे आहेस ते राहू दे. सा लाव."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"आत्ता! उभी असशील तर उभी राहून लाव."

फोनच्या छोट्या कर्ण्यातून एक बारीक सा आला. कालिंदीताईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ सवयीने हलले, आणि आता कुठला शब्द निघणार ते उज्ज्वलाबाईंना दिसत होतं. तो शब्द कालिंदीताईंनी दातांखाली धरला. चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा ताठल्या. इतका त्रास त्यांना अवघड तानांनीही कधी दिला नसेल.

"बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझा सा बरोबर आहे, बाळ. बरीच वर्षं बरोबर आहे."

पलीकडून शाल्मलीचा घाबरा स्वर आला, "ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?"